‘सोवार प्रायमा’ : एका जुन्या मनगटी घड्याळाची ओळख

जुन्या वस्तु जमविणें हा केवळ श्रीमंतांचा षोक आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. पुण्यांत राहणारानें तरी ती बाळगूं नये. शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनीं उभें केलें, ते दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे कोणी संस्थानिक नव्हते. दिवे, अडकित्ते, कुलपें, दौती अशा रोजच्या वापरांतील वस्तु त्यांनीं गांवोगांव हिंडून मिळविल्या, आणि लोकांनीं अडगळींत टाकलेल्या सामानांतून आपल्या पूर्वजांच्या संसाराचा इतिहास जुळविला.

अशा वस्तूंत आतां आणखी एकीची गणना करावयास हवी. ती म्हणजे आपल्या आज्यापणज्यांचें मनगटी घड्याळ. बहुतेक जुन्या घरांत पेटीच्या तळाशीं असें एखादें घड्याळ पडलेलें असतें. पट्टा तुटलेला, काच धुरकट झालेली, आणि किल्ली दिली तरी तें चालत नाहीं; म्हणून तें मोडींत जातें. प्रस्तुत लेखांत अशाच एका, फारशी प्रसिद्धि न पावलेल्या, ‘सोवार प्रायमा’ नांवाच्या घड्याळाचा परिचय करून देण्याचें योजिलें आहे. त्या निमित्तानें जुनी वस्तु ‘वाचावी’ कशी, हें विद्यार्थ्यांस कळेल. आणि घरांतील घड्याळ विकण्याचा विचार ज्यांच्या मनांत असेल, त्या पालकांसही चार गोष्टी उपयोगी पडतील.

प्रथम नांवाकडे पाहूं. ‘सोवार’ हा शब्द कानाला परका वाटला तरी तो परका नाहीं. तो आपला ‘स्वार’च होय. शब्द मूळचा फारसी. मराठेशाहींत सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा व हत्यारें घेऊन येणारा तो शिलेदार, असे स्वारांचे दोन वर्ग होते. पुढें इंग्रजी अमलांतील फौजेंत घोडदळाच्या साध्या शिपायाचा हुद्दाच ‘सोवार’ असा लिहिला जाऊं लागला. ‘प्रायमा’ हा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ ‘पहिली’ किंवा ‘उत्तम प्रतीची’ असा आहे. म्हणजे कारागीर स्विस, नांवाचा अर्धा भाग फारसी, अर्धा लॅटिन, आणि गिऱ्हाईक हिंदी! एवढ्या एका नांवावरूनही हें घड्याळ कोणाच्या मनगटासाठीं घडविलें गेलें, याचा अंदाज बांधतां येतो.

हें घड्याळ विकणारी वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ सालीं मुंबईंत सुरू झाली. तिचे मालक स्वित्झर्लंडांतील सेंट इमिए या डोंगराळ गांवचे घड्याळ-व्यापारी होते. ‘वेस्ट एंड’ हें लंडन शहराच्या प्रतिष्ठित भागाचें नांव; तें ऐकतांच गिऱ्हाइकाच्या मनांत विश्वास उत्पन्न व्हावा, हा हेतु उघड आहे. मुंबईप्रमाणें कलकत्त्यासही कंपनीचें दुकान होतें, आणि म्हणून हिच्या कित्येक तबकड्यांवर नांवाखालीं मुंबई व कलकत्ता हीं दोन्ही शहरें इंग्रजींत छापलेलीं आढळतात. ‘क्वीन ॲन’, ‘मॅचलेस’, ‘सेकंडस’ अशीं हिच्या घड्याळांचीं आणखीही नांवें होतीं. युरोपांतील संग्राहकांस ज्या नांवाची फारशी ओळख नाहीं, तेंच नांव आपल्याकडे एके काळीं रेल्वेच्या नोकरांत व फौजेंतील शिपायांत घरोघर ठाऊक होतें.

घड्याळाची गरज एवढी कां वाढली, हें समजण्यास त्या काळची वेळेची व्यवस्था ध्यानांत घेतली पाहिजे. पूर्वीं प्रत्येक मोठ्या शहराची वेळ सूर्यावरून ठरलेली अशी निराळी असे. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढें ४ तास ५१ मिनिटें, तर मद्रासची ५ तास २१ मिनिटें होती. रेल्वेनें मद्रासची वेळ स्वीकारली होती. त्यामुळें मुंबईच्या घड्याळावर विसंबून स्टेशनावर जाणारा मनुष्य अर्धा तास उशिरां पोहोंचावयाचा! १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या पुढें साडेपांच तास अशी एकच वेळ सर्व देशास लागू झाली. तरी मुंबई शहरानें आपला ३९ मिनिटें मागें असलेला ‘बॉम्बे टाइम’ कांहीं व्यवहारांत १९५५ पर्यंत चालू ठेविला. दोन वेळांच्या ओढाताणींत स्वतःचें भरंवशाचें घड्याळ जवळ असणें ही चैन नव्हे, तर निकड होती.

तथापि तें घड्याळ खिशांत असे, मनगटावर नसे. मनगटी घड्याळ हा स्त्रियांचा अलंकार, अशी पुरुषांची समजूत होती. ती १९१४–१८ च्या महायुद्धानें पालटली. एका हातांत लगाम किंवा बंदूक असतां खिशांतून घड्याळ काढून झांकण उघडणें शिपायास परवडेना. ठरलेल्या मिनिटास तोफा बंद होणार आणि त्याच मिनिटास पायदळ पुढें सरकणार, अशा लढाईंत वेळ नजरेसमोर हवी होती. म्हणून खिशांतील लहान घड्याळांनाच तारेचे कान डागून त्यांत पट्टा ओंवण्यांत येऊं लागला. आपल्या शहराचें नांव धारण करणारी ‘पूना हॉर्स’ ही घोडदळाची पलटण १९१४ सालीं फ्रान्समधील रणांगणावर गेली होती, हें येथें स्मरावें. युद्धानंतर घरीं परतलेल्या शिपायांबरोबर मनगटी घड्याळाची संवयही परत आली.

आतां घड्याळाच्या पोटांत शिरूं. किल्ली दिली म्हणजे एका डबींत गुंडाळलेली पोलादी कमान आवळली जाते; ती सुटूं पाहते व चाकांस ढकलते. ही ओढ एकदम सुटूं नये म्हणून शेवटीं एक तोल-चाक बसविलेलें असतें. केंसासारख्या बारीक स्प्रिंगेच्या जोरावर तें उजवीकडे-डावीकडे झुलतें, आणि प्रत्येक झोक्यास चाकाचा एकच दांता पुढें जाऊं देतें. हीच ती टिकटिक. त्या काळच्या बहुतेक मनगटी घड्याळांत हें चाक तासाला १८,००० झोके घेई. म्हणजे दिवसाचे ४,३२,००० आणि वर्षाचे १५,७६,८०,००० झोके झाले. दिवसास एक मिनिट चुकणारें घड्याळ आपण वाईट म्हणतों. पण ती चूक १,४४० त एक एवढीच असते. माणसाच्या किती कामांत इतकी कमी चूक असते, हें ज्यानें त्यानें मनाशीं पहावें.

या तोल-चाकाच्या आंसाचीं टोंकें मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढीं बारीक असतात, आणि तीं माणकाच्या भोंकांत फिरतात. घोड्यावरून उतरतांना हात आपटला किंवा घड्याळ फरशीवर पडलें, कीं टोंक मोडलेंच. हा दोष दूर करणारी ‘इन्काब्लॉक’ नांवाची योजना १९३४ च्या सुमारास स्वित्झर्लंडांत निघाली. तिच्यांत माणिक घट्ट न बसवितां एका लवचिक स्प्रिंगेखालीं ठेवितात. धक्का बसला कीं माणिक किंचित् सरकतें आणि पुन्हां जागेवर येतें. ही योजना आरंभींच पतकरणाऱ्या घड्याळांत ‘सोवार प्रायमा’ची गणना होते. स्वाराच्या घड्याळास धक्क्यांपासून रक्षण मिळावें, हें नांवास साजेसेंच झालें.

येथवर इतिहास झाला. आतां मुख्य प्रश्न असा कीं, हातांत आलेलें एखादें घड्याळ खरोखर कोणत्या काळचें व कितपत अस्सल, हें ठरवावें कसें? यास चार साक्षीदार आहेत, आणि चौघांची जबानी निरनिराळी घेतली पाहिजे.

पहिला साक्षीदार तबकडी. हीच सर्वांत अधिक बोलते आणि हीच सर्वांत अधिक खोटें बोलते. अक्षरें भिंगाखालीं पहावीं. कारखान्यांतील छपाई रेखीव व एकसारखी असते. मागाहून रंगविलेल्या तबकडीवर अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा कमीजास्त अंतरावर, आणि तळाशीं असावयाचे ‘स्विस मेड’ हे शब्द गाळलेले किंवा वांकडे आढळतात. जुन्या तबकड्या खरडून त्यांवर भडक रंग देण्याचें काम आपल्याकडे इतकें चालतें, कीं परदेशांतील संग्राहक अशा घड्याळांस मुंबईचें नांव लावून हिणवितात. तळाशीं ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंस इंग्रजी ‘टी’ हें अक्षर असेल, तर चमकणाऱ्या रंगांत ट्रिटियम वापरल्याची ती खूण होय, आणि अशी तबकडी साधारणतः १९६० नंतरची समजावी.

दुसरा साक्षीदार आंतील यंत्र. वेस्ट एंड कंपनी स्वतःचीं सर्व यंत्रें करीत नसे. तीं निरनिराळ्या स्विस कारखान्यांकडून घेई. आरंभींचीं कित्येक यंत्रें सेंट इमिए येथीलच लाँजिन कंपनीचीं होतीं. तसें असेल, तर यंत्रावर पंख लावलेल्या वाळूच्या घड्याळाचें चिन्ह व अनुक्रमांक सांपडण्याचा संभव असतो. ही कंपनी १८३२ पासून चालत आलेली असून तिनें आपल्या जुन्या वह्या जपून ठेविल्या आहेत; अनुक्रमांक कळविला असतां तें यंत्र कोणत्या सालीं व कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झालें, हें त्यांतून काढतां येतें. इतर यंत्रांवर तोल-चाकाच्या खालच्या बाजूस बारीक अक्षरें व आंकडा असतो. तो घड्याळजींच्या जुन्या सुट्या भागांच्या याद्यांशीं ताडून पहावा लागतो.

तिसरा साक्षीदार पेटी. चांदीची पेटी असेल तर आंत अस्वलाचा किंवा पक्ष्याचा बारीक ठसा शोधावा. जुन्या स्विस पद्धतींत अस्वल हें हजारांत ८७५ भाग, आणि पक्षी हें ८०० भाग शुद्ध चांदीचें चिन्ह होतें. पुढील काळच्या पेट्यांवर पुष्कळदां ‘बॅक स्टेनलेस स्टील’ असे शब्द असतात. त्यांचा अर्थ नीट लावावा : केवळ पाठ पोलादाची, बाकीची पेटी मुलामा दिलेल्या हलक्या धातूची! दुकानदार मात्र सगळेंच पोलाद म्हणून सांगतो.

चौथा साक्षीदार म्हणजे झांकणाच्या आंतील ओरखडे. घड्याळ दुरुस्त केल्यावर घड्याळजी झांकणाच्या आंतल्या अंगास सुईनें आपली खूण व तारीख किंवा आंकडा कोरून ठेवितो. नवख्यास हे डाग वाटतात. पण ती त्या घड्याळाची रोजनिशी आहे. झांकण घांसून लखलखीत करणारा मनुष्य ही रोजनिशी जाळून टाकतो.

आतां या चौघांची साक्ष एकत्र करूं. समजा, रविवारीं किंवा बुधवारीं भरणाऱ्या आपल्या जुन्या बाजारांत एक विक्रेता ‘सोवार प्रायमा’ दाखवून म्हणतो, “साहेब, हें पहिल्या महायुद्धांतलें घड्याळ आहे.” आपण झांकण उघडविलें, आणि तोल-चाकाच्या माणकावर तंतुवाद्याच्या सांगाड्यासारखी दिसणारी बारीक स्प्रिंग आढळली. ही इन्काब्लॉकची खूण. इन्काब्लॉक १९३४ च्या सुमारास निघाली. युद्ध १९१८ सालीं संपलें. सबब हें यंत्र त्या युद्धांतील असूं शकत नाहीं. एवढ्यावर तो मनुष्य लबाड ठरतो काय? नाहीं. त्यानें ऐकलेलें सांगितलें असेल. तसेंच सबंध घड्याळ नवें, हेंही सिद्ध होत नाहीं. कारण जुन्या पेटींत मागाहून नवें यंत्र बसविलेलें असूं शकतें. पेटीची तारीख निराळी, यंत्राची निराळी व तबकडीची निराळी काढावी, आणि तिन्ही एकमेकांशीं जुळल्या तरच घड्याळ एकसंध म्हणावें. ‘दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें’ ही म्हण संग्राहकानें भिंगाच्या डबीवर लिहून ठेवावी.

ह्या जोडकामास निव्वळ लबाडी म्हणून झिडकारणें मात्र अन्यायाचें होईल. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध आले. बंगळूर येथें हिंदुस्थान मशीन टूल्सनें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें १९६१ सालीं मनगटी घड्याळें काढण्यास आरंभ केला (तीं घड्याळें काढणारी कंपनी २०१६ सालीं बंद करण्याचा निर्णय झाला), तोंपर्यंत जुनें स्विस घड्याळच पुनःपुन्हां चालतें करणें भाग होतें. सुटे भाग मिळेनात, तेव्हां घड्याळजींनीं एकाचा आंस दुसऱ्यास व दुसऱ्याची काच तिसऱ्यास लावून लोकांचीं घड्याळें चालतीं ठेविलीं. ती कुशलता मानावयासच पाहिजे. दोष जोडण्यांत नाहीं. जोडलेलें अखंड म्हणून विकण्यांत आहे.

वस्तूच्या साक्षीस घरच्या कागदांची जोड मिळाली तर शोध पुरा होतो. खरेदीची पावती, दुरुस्तीची चिठी, घड्याळ मनगटावर दिसत असलेलें छायाचित्र, पलटणींतील किंवा रेल्वेंतील नोकरीचे कागद, यांपैकीं एकही मिळाल्यास घड्याळाची किंमत सोन्याहून अधिक होते. कारण मग तें ‘एक घड्याळ’ राहत नाहीं, अमक्या मनुष्याचें घड्याळ होतें. आपल्या शहरांत हे कागद दुर्मिळ आहेत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, त्यांत शेंकडों घरांचीं दप्तरें चिखलांत गेलीं. ज्या घरीं कागद वाहून गेले, तेथें आजोबा-आजींचे तोंडचे शब्द हाच कागद होय. आणि तो कागद कोणत्याही पुराशिवाय, एके दिवशीं आपोआप नाहींसा होतो.

एका धोक्याची सूचना येथें देणें अवश्य आहे. जुन्या तबकडीवरील आंकड्यांवर व कांट्यांवर पिवळसर, खरखरीत रंग असेल, तर तो रेडियमयुक्त असण्याचा संभव असतो. अंधारांत तो आतां चमकत नाहीं, म्हणून निर्धोक समजूं नये. चमकणारें द्रव्य थकून जातें, पण रेडियमची शक्ति अर्धी होण्यास सुमारें १,६०० वर्षें लागतात. अशा तबकड्या रंगवितांना कुंचल्याचें टोंक ओंठांनीं जुळविणाऱ्या अमेरिकेंतील कित्येक कामकरी मुली १९२० च्या सुमारास भयंकर रोगानें मेल्या. घड्याळ बंद असतां त्यापासून भीति थोडी. परंतु तें उघडून रंग खरडणें, त्याची धूळ फुंकणें किंवा हातांनीं चोळणें मुलांनीं कदापि करूं नये. झांकण उघडण्याचें काम जाणत्या घड्याळजीकडेच सोंपवावें.

आतां खरेदीविक्रीच्या नीतीविषयीं दोन शब्द. संग्राहकाचें ज्ञान वाढूं लागलें, कीं त्याच्यापुढें एक मोह उभा राहतो. एखादी वृद्ध बाई पतीचें घड्याळ चांदीच्या वजनानें विकावयास आणते. तिला त्याची योग्यता ठाऊक नाहीं. घेणाऱ्यास ठाऊक आहे. बाजाराच्या कायद्यानें तो गप्प बसूं शकतो. पण ज्या मनुष्यानें महिनोन्‌महिने भिंग लावून खऱ्याखोट्याचा निवाडा केला, त्यानेंच ऐन वेळीं खरें गिळून टाकावें, तर त्याच्या सर्व अभ्यासाचें फलित काय? आमच्या मतें त्यानें प्रथम तिला वस्तु काय आहे तें सांगावें, मग किंमत बोलावी. अशानें कांहीं घड्याळें हातचीं जातील हें खरें. परंतु जें मिळेल त्याबरोबर त्याची हकीकतही मिळेल. कारण फसलेला मनुष्य आपल्या घरची गोष्ट सांगत बसत नाहीं.

खर्चाविषयींही विवेक असावा. न चालणारें प्रत्येक घड्याळ चालतें केलेंच पाहिजे असें नाहीं. ‘नाकापेक्षां मोतीं जड’ अशी दुरुस्ती निघाली, तर घड्याळ आहे त्या स्थितींत कोरड्या जागीं ठेवावें. दमट हवा हा त्याचा मोठा शत्रु. पावसाळ्यांत त्यास विशेष जपावें. बंद पडलेलें घड्याळ जोरानें हालवूं नये, वाळलेल्या तेलावर रोज किल्ली देऊन चालवूं नये, आणि तबकडीस कधींही पाणी लावूं नये. मूळ डागाळलेली तबकडी ही नव्या रंगविलेल्या तबकडीहून श्रेष्ठ, हें तर मुळींच विसरूं नये.

विद्यार्थ्यांनीं सुटींत करण्याजोगा एक उद्योग सांगून हा लेख पुरा करितों. घरांत, शेजारीं किंवा आप्तांकडे जुनें घड्याळ असेल, तर वडील मंडळींच्या परवानगीनें एका कागदावर पुढील गोष्टी लिहाव्या : तबकडीवरील सर्व अक्षरें जशींच्या तशीं, पाठीवरील शब्द व आंकडे, तें कोणी, कोठें व सुमारें केव्हां घेतलें, तें कोण वापरीत असे व तो मनुष्य काय काम करी, आणि तें केव्हां बंद पडलें. जें ऐकलें तें ‘ऐकलें’ म्हणून व जें पाहिलें तें ‘पाहिलें’ म्हणून निरनिराळें लिहावें. लिहिणाराचें नांव व तारीख घालून तो कागद घडी करून घड्याळाच्याच डबींत ठेवावा. पन्नास वर्षांनीं ती डबी उघडणारास घड्याळाबरोबर तें वापरणारा मनुष्यही सांपडेल.